धूळ उठते कोठे, बसते कोणावर?

बीड जिल्ह्यातील माणसाला धुळीची ओळख करून देण्याचे कारण नाही. ज्वारीची काढणी झाली की बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा-आष्टीची राने उघडी पडतात आणि चैत्र-वैशाखात वावटळी उठू लागतात. डोळ्यांवर उपरणे ओढून घ्यावे आणि वावटळ निघून जाण्याची वाट पाहावी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. परंतु धूळ कोठून उठते, कोठे बसते आणि तिचा भार कोण वाहतो, हे तीन प्रश्न विचारले की निसर्गाच्या लहरीमागचे अर्थकारण दिसू लागते.

जगात दरवर्षी सुमारे २०० कोटी टन खनिज धूळ वातावरणात मिसळते. सहारा वाळवंटातील धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या अरण्याला स्फुरद पुरवते. समुद्रात पडणारी धूळ तेथील सूक्ष्म वनस्पतींना लोह देते. अरबी समुद्रावरील धूळ सूर्याची उष्णता शोषून हवा तापवते आणि त्यामुळे मोसमी वाऱ्यांना बळ मिळू शकते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उलट धुळीचे आवरण जमिनीवरील ऊन अडवते आणि काही परिस्थितीत पाऊसही रोखते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश झाकोळले होते. धुळीला सरहद्द नसते. ती सर्वस्वी शत्रूही नव्हे. प्रश्न आहे तो माणसाच्या व्यवहाराने वाढलेल्या धुळीचा.

बीडची भारी काळी माती ढेकळे धरते. तिला वाऱ्यापेक्षा पाण्याची धूप अधिक. डोंगरमाथ्यावरील हलक्या, मुरमाड जमिनीचे मात्र तसे नाही. वारा प्रथम उचलतो तो बारीक कण; आणि ओल धरण्याची शक्ती व सेंद्रिय अंश असतो तो याच कणांत. ते गेले की पुढचा दुष्काळ अधिक बोचतो, पीक विरळ येते, रान अधिक उघडे पडते आणि धूळ अधिक उठते. या चक्रात सापडलेला अल्पभूधारक अखेर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. अमेरिकेत १९३० च्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. गव्हाच्या बाजारासाठी गवताळ माळ नांगरले गेले, पुढे अवर्षण आले आणि लाखो कुटुंबे देशोधडीला लागली. तेथील शासनाला १९३५ साली मृद्‌संधारणाचा कायदा करावा लागला. अवर्षण निसर्गाचे होते. जमीन उघडी पाडणारा व्यवहार माणसाचा होता.

जिल्ह्यातील दुसरी धूळ परळीची आहे. तेथे १९७१ पासून औष्णिक वीज निर्माण होऊ लागली. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के असते. म्हणजे हजार टन कोळसा जाळला की तीनशे-चारशे टन राख उरते. वीज राज्यभर जाते. राख परळीच्या परिसरात राहते. अर्थशास्त्र याला ‘बाह्य खर्च’ म्हणते. साध्या भाषेत, मालाच्या किमतीत न धरलेला आणि दुसऱ्याच्या छातीवर टाकलेला हा खर्च होय. अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, पिकांच्या पानांवर थर धरतात आणि औषधपाण्याचा खर्च मजुराच्या घरातून होतो. तो वीजबिलात कोठेही दिसत नाही.

मात्र एवढ्यावरून केंद्राला टाळे ठोका, अशी सोपी घोषणा देऊन चालणार नाही. २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. अशा वेळी राखेबरोबर मजुरीही थांबते. राखेच्या विटांवर आणि वाहतुकीवर अनेकांची चूल पेटते. म्हणून मागणी रोजगार बुडवण्याची नव्हे, तो सुरक्षित करण्याची असली पाहिजे. राखेची वाहतूक झाकलेल्या वाहनांतून व्हावी. राखेचे तलाव ओले व आच्छादित असावेत. वीटभट्टी मजुरांची नियमित वैद्यकीय तपासणी उत्पादकाच्या खर्चाने व्हावी. डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेच्या पूर्ण वापराचे दायित्व वीजकेंद्रांवर टाकले. त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे.

रानातील धुळीचे उत्तरही याच जिल्ह्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली, तलाव खोदले. त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क मान्य केला. अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’ने पाणलोटाचे काम उभे केले. बांधबंदिस्ती, बांधावरची झाडे, माथ्यावरील गवत आणि पिकाच्या अवशेषांचे आच्छादन या कामांना मजुरी मिळाली, तर माती रानात राहील आणि माणूस गावात राहील.

धूळ सर्वांवर पडते, असे म्हणतात. ते खरे नाही. खिडकी लावून घेण्याइतके घर ज्याला आहे, त्याच्यावर ती कमी पडते. कार्यकर्त्यांनी मोजायचे आहे ते हे अंतर.