शेतात सापडलेली मूर्ती मोडीत घालू नका
(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या वणी-दारव्ह्याकडील काळ्या रानात नांगराच्या फाळाला एखादी हिरवट मूर्ती लागली तर आपण काय करतो? कोणी चिंच-राखेने घासून देव्हाऱ्यात बसवतो, कोणी मोडीच्या भावाने विकतो. दोन्हींत नुकसान आपलेच आहे, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

कोल्हापुरास पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. १९४४-४५ च्या सुमारास तेथे काशाच्या वस्तूंचा मोठा साठा निघाला. त्यांत वीतभरही उंच नसलेली एक मूर्ती होती. ती आपल्या देवाची नव्हे, ग्रीक लोकांच्या पॉसिडॉन नावाच्या समुद्रदेवाची. ग्रीकांची फार जुनी मूर्ती नमुना धरून रोमन राज्यातील कोणा ओताऱ्याने ती घडविली. टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयाची ती मोलाची ठेव झाली.

हा परदेशी देव इकडे आला कसा? व्यापाराने. तेर येथून कापडाच्या गाड्या भडोच बंदरास जात, असे त्या काळच्या एका ग्रीक पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे कापूस पिकविणारा आणि विणणारा यांच्या श्रमावर तो व्यापार उभा होता. त्यांची पतही केवढी! राजा नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापणे व्याजाने ठेवली, असा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. जुन्नरच्या लेखात कासारांची श्रेणी आहे. श्रेणी म्हणजे धंद्याची पंचायत.

अशी मूर्ती आधी मेणाची करीत. तिच्यावर मातीचा लेप देऊन भाजले की मेण वितळून निघे. पोकळीत तांबे-कथलाचा रस ओतीत आणि मग माती फोडीत. म्हणून त्या साच्याची दुसरी मूर्ती निघत नाही. ती वितळविली तर हाती मूठभर मोड राहते आणि कारागिराची साक्ष कायमची बुडते. हिरवा थर घासला तरी वयाच्या व घडणीच्या खुणा जातात.

कायदाही ध्यानी ठेवा. जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. कळविणाऱ्याचा हक्क त्यात राखला आहे; लपविणारा वाटा गमावतो आणि शिक्षेसही पात्र होतो. १९७२ च्या कायद्याने परवान्यावाचून जुन्या मूर्तींचा धंदा करता येत नाही.

तेव्हा मंडळी, मूर्ती लागली तर नांगर थांबवा, जागेवर खूण करा, मूर्ती घासू नका, आणि शाळेत या. अर्ज आम्ही लिहून देऊ.