तीनशे शब्दांची गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आपल्या बॅचमधले निम्मे लोक त्याच क्षेत्रात आहेत, आणि उरलेल्यांना ते सगळं त्यांच्या मुलांनी सांगून झालंय. त्यापेक्षा गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी जे करतेय, त्याबद्दल बोलते. मी लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिलं. पहिल्यांदा लिहायला तीन दिवस लागले आणि पुन्हा पुन्हा लिहायला दोन वर्षं. बोलायचंय ते या दोन वर्षांबद्दल.

गोष्ट पिठाच्या गिरणीची आहे. कुठल्या गिरणीची, ते बार्शीकरांना सांगायला नको. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळा सुटल्यावर दळणाचा डबा घेऊन आमच्या ओट्यावर नंबर लावलेला आहे. ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू, या बाबतीत आमचे अण्णा किती पक्के होते तेही तुम्हाला ठाऊक आहे. बाजरीच्या मागे कुणी गहू आणला की त्याला बसवून ठेवायचे, मग तो कुणाचाही कोण असो.

अण्णांनी चाळीस वर्षं त्या आवाजात काढली. आता त्यांना फारच कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र घेऊन दिलंय, पण ते शेजारच्या माणसाचं बोलणं आणि पंख्याची घरघर दोन्ही सारख्याच मायेने मोठं करतं. त्यामुळे बहुतेक वेळा ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. सुट्टीत आली की आजोबांना शाळेतल्या गमती सांगायची. ते 'काय?' म्हणायचे. ती पुन्हा सांगायची. ते पुन्हा 'काय?' तिसऱ्या वेळी ती 'काही नाही' म्हणून निघून जायची. मला म्हणाली, "आई, गंमत तीनदा सांगितली की ती गंमत राहत नाही गं." तिचं बरोबरच होतं. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर 'काही नाही' हेच असतं, आणि ते मात्र त्याला ओठांवरून अचूक कळतं.

मराठीत चांगली चित्रपुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चित्रं काढलेली पुस्तकं आमच्या घरी वाचून वाचून खिळखिळी झाली आहेत. मला हवं होतं ते एक गिरणी, एक नात आणि ऐकू न येणारे आजोबा यांचं पुस्तक. ते कुठे मिळालं नाही, म्हणून लिहायला बसले. पहिला खर्डा १९०० शब्दांचा झाला. आज जो आहे तो चौदावा खर्डा, २९६ शब्दांचा. मधले सोळाशे शब्द कुठे गेले, ते सांगते.

आधी थोडं गणित. आमच्या इंजिनिअर लोकांना त्याशिवाय चैन पडत नाही. मोठ्या कागदावर अनेक पानं एकदम छापतात आणि मग त्याच्या घड्या घालतात, म्हणून पुस्तकाची पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत येतात. चित्रपुस्तक जगभर बहुधा ३२ पानांचं असतं; आपल्याकडे १६ आणि २४ पानांचीही पुष्कळ निघतात. घरी करून बघा. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानांची वही तयार. पहिली तीन-चार पानं नाव, लेखक, प्रकाशक यांत जातात. गोष्टीला उरतात चौदाएक जोडपानं. प्रत्येक जोडपानावर एक चित्र आणि पान उलटायला एक कारण. मी माझा मजकूर कापून त्या वहीत चिकटवायला घेतला, तर चित्राला जागाच उरेना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे दिसत नाही. तिथे पान संपतच नाही.

मग मी इतरांची पुस्तकं शब्द मोजत वाचली. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' १९६८ सालचं आहे. सगळ्या पुस्तकात ३२ शब्द, एकच वाक्य. एक कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी येते, एवढंच ते वाक्य सांगतं. चित्रात तिच्या मागे कोल्हा लागलेला आहे आणि दर वेळी त्याची फजिती होते. मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. त्यामुळे वाचणाऱ्या आईला जे माहीत नाही, ते मांडीवरच्या पोराला माहीत असतं आणि ते 'कोल्हा! कोल्हा!' म्हणून ओरडतं. मॉरिस सेंडॅक यांचं १९६३ सालचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' ३३८ शब्दांचं आहे. त्यात मुलगा आणि राक्षस ऐन धुमाकूळ घालतात तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही.

यातून मला एक नियम मिळाला. चित्र जे सांगू शकतं, ते शब्दांनी सांगायचं नाही. ऐकायला सोपा आहे, पाळायला जड जातो. माझ्या पहिल्या खर्ड्यात असं वाक्य होतं: "लाल फ्रॉक घातलेली मी, आजोबांचा पिठाने पांढरा झालेला जाडजूड हात धरून गिरणीत शिरले." यातलं सगळं चित्रात दिसणार आहे. फ्रॉक, हात, पीठ, गिरणी. मग शब्दांना काय उरलं? चित्रात न दिसणारं. आता त्या जागी हे वाक्य आहे: "गिरणीत शिरलं की सगळ्यांचे आवाज मोठे होतात." आवाज काढता येत नाही, वास काढता येत नाही, कुणाच्या मनात काय चाललंय ते पूर्ण काढता येत नाही. तेवढंच शब्दांचं काम. माझ्या गोष्टीचा विषयच आवाज असल्यामुळे मला तेवढं पुरलं.

आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिला की दुसऱ्याला तपासायला देतात. इथेही तसंच केलं. रविवारी आमच्या सोसायटीतली सहा ते आठ वर्षांची पोरं जमवायची, आणि वाचायला दुसऱ्याच कुणाच्या आईला सांगायचं. मी मागे पेन्सिल घेऊन बसायची. मुलांना कंटाळा आला की ती तसं सांगत नाहीत, पाणी प्यायला जातात. जिथे दोन मुलं पाणी प्यायला गेली तिथे मी खूण करायची. दुसरी खूण वाचणाऱ्या बाईंसाठी. वाचता वाचता त्यांनी एखादं वाक्य आपोआप बदलून म्हटलं, तर बहुतेक वेळा त्यांचंच वाक्य बरोबर असायचं. जिभेला जे म्हणवत नाही ते कागदावर कितीही शोभलं तरी काढायचं.

या वाचनातच मला माझी गोष्ट सापडली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: "आज आजोबा जात्याला टाकी लावणार." आपल्याला माहीत आहे, दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत झाले की ते छिन्नीने पुन्हा खडबडीत करावे लागतात. एका मुलाने विचारलं, "टाकी? पाण्याची?" सगळी पोरं हसली. एकाने विचारलं, गच्चीवरची टाकी जात्यावर कशी बसवणार? हा शब्द बदला, असं दोघा-तिघांनी मला सुचवलं. मी तो ठेवला, आणि त्या मुलाचा प्रश्न उचलून नातीच्या तोंडी घातला. आता पुस्तकात ती आजोबांना विचारते, "पाण्याची टाकी?" आजोबांना ऐकू येत नाही. ते 'काय?' म्हणतात. ती पुन्हा विचारते. तिसऱ्या वेळी ती काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहे.

आता शेवटाबद्दल. सुरुवातीच्या खर्ड्यांत शेवटी कानाचं यंत्र यायचं, आजोबांना सगळं ऐकू यायला लागायचं आणि सगळे खूश. ज्या पहिल्या प्रकाशकांकडे पाठवलं, त्यांनी मजकूर फार कमी आहे, एवढ्या शब्दांना पालक पैसे देणार नाहीत, म्हणून ते परत केलं. दुसऱ्या ठिकाणच्या संपादकबाईंनी समासात एकच ओळ लिहिली: "आजोबांना बरं केल्याशिवाय गोष्ट संपत नाही का?" त्या ओळीवर मी चार महिने अडून होते. अण्णा काही बरे होणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि माझ्या मुलीलाही. पुस्तकातले आजोबा बरे झाले असते, तर ते पुस्तक आमच्या घरी काही कामाचं नव्हतं.

अण्णा गिरणी कशी चालवायचे ते मी आठवून पाहिलं. पीठ चिमटीत धरून ते बारीक आहे की जाड ते सांगायचे. हाताला पीठ जास्त गरम लागलं की जात्यात काहीतरी बिनसलंय हे ओळखायचे. ऐकू येईनासं झाल्यावरही त्यांनी बरीच वर्षं गिरणी चालवली, ती हाताच्या भरवशावर. मग शेवट सापडला. नात डब्याच्या झाकणावर पडलेल्या पिठात बोटाने एक चित्र काढते. जातं, आणि जात्यावर पाण्याची टाकी, नळासकट. पुढच्या जोडपानावर शब्द नाहीत. आजोबा हसताहेत, एवढंच.

एका शब्दावर मात्र अण्णांनी निकाल दिला. 'बहिरा' लिहावं की नाही? आपण शाळेत हा शब्द कसा वापरायचो ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणून मी 'ऐकू न येणारे आजोबा' असं केलं होतं. हस्तलिखित अण्णांना वाचायला दिलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बहिरे लिही. एका शब्दाचं काम, तीन कशाला खर्च करतेस? आणि मी आहेच की." चौदाव्या खर्ड्यात तो शब्द आहे. आजोबा स्वतःच तो स्वतःबद्दल बोलतात, दुसरं कुणी नाही.

पुस्तक आता चित्रकाराच्या हातात आहे. मी त्यांना जात्याच्या दगडांचे दोन फोटो पाठवले आणि बाकी काही सुचवलं नाही. चित्र त्यांचं आहे. छापून आलं की एक प्रत शाळेच्या वाचनालयाला देईन.

घरचं म्हणाल तर फार मोठा चमत्कार झालेला नाही. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती आजोबांशेजारी त्याच सोफ्यावर बसून त्यांना व्हॉट्सॲपवर गमती पाठवते. अण्णा वाचतात, खिशातलं यंत्र काढून कानात घालतात आणि मोठ्यांदा उत्तर देतात. तिला आवाज लहान ठेवा म्हणून ओरडावं लागतं. पण 'काही नाही' मी बरेच दिवसांत ऐकलेलं नाही.

मित्रहो, आपले काही सर आणि बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. या हॉलमध्ये आवाज घुमतो, माईकही जरा खरखरतोय. म्हणून मी हे भाषण मोठ्या अक्षरांत छापून आणलंय, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर प्रती ठेवल्या आहेत. थोड्या वेळाने पंगत बसेल, गप्पा होतील. ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले त्यांच्यापैकी कुणी 'काय म्हणालास?' असं विचारलं, तर पुन्हा सांगा. तिसऱ्यांदाही सांगा. नाहीच जमलं, तर खिशात पेन असू द्या. आपली अक्षरं त्यांना ओळखता येतील. तपासून तपासून त्यांना ती पाठ झालेली आहेत.