चाचणी शेतकऱ्याच्या रानात

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीनुसार सुचविले आहेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा वा फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सिद्ध झालेले हे वाण जामखेड-पाथर्डीच्या कोरडवाहू रानात उतरतात का, हे शेतकऱ्यासोबत पारखणे कृषी विज्ञान केंद्राचे काम होय. अहिल्यानगर जिल्ह्यात बाभळेश्वर व दहिगाव-ने येथे अशी केंद्रे आहेत. नवे वाण आणि नेहमीची मालदांडी ३५-१ एकाच रानात शेजारी शेजारी पेरली जाते.

शास्त्रज्ञ हेक्टरी क्विंटल मोजतो. शेतकरी कडबाही मोजतो, आणि भाकरीचा निवाडा घरची गृहिणी करते. दाणा वाढला पण कडबा घटला, तर दावणीच्या जनावरांनी काय खावे? या प्रश्नाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी वैरण कधी विकत घेतलेली नसावी! चाचणी चालविणाऱ्याने म्हणूनच पेरणीपूर्वी विचारावे, ‘आपण हे वाण कशावरून पारखाल?’

फसलेली चाचणी अहवालात एका ओळीत मावते. कोरडवाहू कुटुंबाचा मात्र हंगाम जातो. तेव्हा आरंभ काही गुंठ्यांवरच व्हावा, आणि त्यासाठी केवळ बागायतदाराचे रान निवडू नये. पाण्याखाली बहुतेक वाण चांगलेच दिसते.