दोन विजांवर चालणारी लोकल



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि एकच अट घातली, ‘तू नक्की काय काम करतेस ते आम्हाला कळेल असं सांग.’ माझी आई वीस वर्षं हेच म्हणते आहे. तर प्रयत्न करते. भायखळ्याच्या मुलांना रेल्वेतून सांगितलेलं पटकन कळतं, म्हणून तिथूनच सुरुवात.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून, देशातली पहिली विजेची गाडी धावली. ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशात जवळजवळ सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आलं, मुंबई मात्र डीसीवरच राहिली. म्हणून लांबच्या गाड्यांना इगतपुरीला इंजिन बदलावं लागे. मग दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली आणि २००७ पासून तशा लोकलही. २०१५ साली आपली मेन लाइन आणि २०१६ साली हार्बर एसीवर गेली. पण भायखळ्याला फास्ट पकडणाऱ्याला डोक्यावरच्या तारेत कुठली वीज आहे याची कधी फिकीर होती का? ती फिकीर गाडीच्या पोटातली यंत्रणा करत होती. माझं काम त्या पोटातलं.

दोन संगणक नेटवर्कवरून बोलतात तेव्हा प्रत्येक बाजूला एक ‘सॉकेट’ लागतं. भिंतीतलं नव्हे. टेलिफोनचा रिसीव्हर समजा. उचला, नंबर लावा, बोला, ऐका, ठेवून द्या. ही पद्धत १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये आली. लिनक्सने, मॅकने तीच घेतली. विंडोजनेही घेतली, १९९३च्या सुमारास, ‘विनसॉक’ नावाने, पण स्वतःच्या घरच्या रीतीभातींसह. आपल्या दहावीच्या आसपास, १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तोवर ही दोन घराणी वेगळी झालेली होती.

फरक किती बारीक असतात बघा. विंडोजवर आधी ‘मी आता फोन वापरणार’ अशी वर्दी द्यावी लागते, युनिक्सवर नाही. युनिक्सवर रिसीव्हर ठेवायला ‘क्लोज’, विंडोजवर ‘क्लोजसॉकेट’. आणि माझा आवडता फरक: समोरच्याने फोन ठेवलेला असताना तुम्ही बोलत राहिलात, तर विंडोज नुसतं ‘जमलं नाही’ म्हणतं. युनिक्स तुमच्या प्रोग्रॅमला एक सिग्नल पाठवतं आणि आधी बंदोबस्त केला नसेल तर प्रोग्रॅम जागेवर मरतो. समोरच्याने फोन ठेवला म्हणून आपण प्राण सोडायचे! तो सिग्नल थोपवायची युक्तीसुद्धा लिनक्सवर एक आणि मॅकवर दुसरी.

हे सगळं विनोदी वाटतं, पण मला एकदा एका रुग्णालयात बोलावलं होतं, नाव सांगत नाही. पॅथॉलॉजीतल्या विंडोज संगणकावरून रक्ताचे रिपोर्ट वॉर्डमध्ये जायचे. अधूनमधून एखादा रिपोर्ट पोहोचायचाच नाही. वॉर्डच्या स्क्रीनवर आदल्या दिवशीचे आकडे तसेच, आणि लॅबच्या स्क्रीनवर ‘पाठवला’. सिस्टर लॅबवर चिडायच्या, लॅबवाले सिस्टरांवर. केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला.

प्रोग्रॅम मूळचा युनिक्सवरचा, कोणीतरी विंडोजवर आणलेला. युनिक्सवर काम फसलं की कारणाचा क्रमांक ‘एरनो’ नावाच्या ठिकाणी मिळतो. विंडोजवर सॉकेटचा क्रमांक तिथे ठेवतच नाहीत, तो वेगळ्या खिडकीवर मागावा लागतो. हा प्रोग्रॅम जुन्याच खिडकीवर विचारत होता. तिथे शून्य. शून्य म्हणजे चूक नाही, म्हणून ‘पाठवला’. लॉग फाइलमध्ये तर चक्क लिहिलेलं होतं, ‘पाठवताना चूक: नो एरर.’ ती ओळ कितीतरी दिवस तिथे होती, कोणी वाचली नव्हती.

दुरुस्ती चार ओळींची. पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. विंडोज आणि युनिक्सचे सगळे फरक एका फाइलमध्ये गोळा केले. बाकीच्या प्रोग्रॅमला आपण कुठल्या तारेखाली आहोत हे कळायचं कारण नाही. काही लोक हे फरक जागोजागी पेरून ठेवतात, दर दहा ओळींनी ‘विंडोज असेल तर असं, नसेल तर तसं’. तो कोड दुसऱ्याला वाचता येत नाही, मग कोणी वाचतही नाही. आज ‘लिबयूव्ही’सारख्या तयार लायब्ररी हे काम छान करतात आणि नवं काही लिहायचं तर मी तीच घेईन. शिवाय रुग्णालयात एक नियमही बदलून घेतला: वॉर्डच्या संगणकाकडून पोच आल्याशिवाय लॅबच्या स्क्रीनवर ‘पाठवला’ दिसणार नाही. पोस्टातल्या पूर्वीच्या रजिस्टर पत्रासारखं. पोच आली नाही तर ओळ लाल होते आणि लॅबवाले इंटरकॉमवरून आकडे वाचून दाखवतात.

आता थोडं आपल्या कामाचं. आपल्या बॅचने शाळेला संगणक द्यायचे ठरवले आहेत. माझी विनंती, सगळ्यांवर एकच सिस्टिम नको, निम्म्यांवर लिनक्स टाकूया. त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत. आठवी-नववीच्या मुलांनी या खोलीतल्या एका संगणकावरून दुसऱ्याला ‘हॅलो’ पाठवावं, आणि एकावर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर का अडला ते स्वतः शोधावं. बाईंची परवानगी असेल तर महिन्यातले दोन शनिवार मी येईन. मशिनं कोण लावून देणार, ते मात्र जेवणाच्या आधी ठरवा.