आधी ब्रेक, मग रंग



आपल्या नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली उघडले. तेथे रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटार आहे. ती पाहून माझ्या पुतण्याला जुन्या गाड्यांचा नाद लागला. त्याने भंगारातली विलीज जीप आणली. स्वतःच दुरुस्त केली. हिरवागार रंग दिला आणि मला करंजी घाटात घेऊन गेला.

उतारावर ब्रेकच लागेना! गिअर उतरवीत, डोंगराला घासत गाडी कशीबशी थांबली. दोघे वाचलो.

घरी आल्यावर चाक खोलले. पाहा, पायाने ब्रेक दाबला की नळीतले तेल चाकाकडे ढकलले जाते. त्या जोराने आतले दोन पट्टे फाकतात, ड्रमला घासतात. मग चाक थांबते. आमच्या जीपचे रबर फुगले होते. तेल गळत होते. पुतण्याने रबर डिझेलने धुतले होते! तसे कधी करू नये. ब्रेकच्या तेलानेच पुसावे. खराब झाले तर नवे घालावे.

वेगळ्या जातीचे इंजिन बसवायचे, तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी.

नाद चांगला आहे. पण आधी ब्रेक, मग रंग. आणि खोललेला भाग कोठला, ते वहीत लिहा. आता लिहिता येते ना?