मूतखडा आणि त्यावरील तीन उपचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याची मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे सेवक. परंतु मूतखडा पदवी विचारून येत नाही. राजस्थान, गुजरात, पंजाब या उष्ण प्रदेशांत तो विशेष आढळतो, आणि नोकरीच्या निमित्ताने आपल्यापैकी कित्येकांनी तेथेच बिऱ्हाडे थाटली आहेत. म्हणून रुग्णाच्या बाजूने या विषयाचा थोडा विचार करू.

हा विकार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील ‘अश्मरी’ काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आढळते. मूत्रपिंडातील खड्यासाठी मात्र आमच्या तरुणपणी कुशीत मोठा छेद घ्यावा लागे. हे चित्र अल्पावधीत पालटले. 1976 साली स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतील लहानशा छिद्रावाटे खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्यूनिक येथे डॉ. खाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडला. ते यंत्र डॉर्निए या विमाने बांधणाऱ्या कंपनीचे होते. तिसरा मार्ग लघवीच्या वाटेने दुर्बीण नेण्याचा. लवचिक दुर्बीण व लेझर यांची जोड मिळाल्यावर ती मूत्रपिंडापर्यंत पोहोचू लागली.

यांतील श्रेष्ठ कोणता? ‘ज्यात छेद सर्वांत लहान तो’, असे उत्तर पुष्कळ जण देतात. आमच्या मते ते अपुरे आहे. लहरींच्या उपचारात छेद मुळीच नाही आणि बहुधा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. परंतु लहरी खडा केवळ फोडतात. चुरा बाहेर टाकण्याचे काम रुग्णाच्या देहालाच करावे लागते. खडा फार कठीण असला तर तो फुटत नाही. मूत्रपिंडाच्या तळाशी असला तर चुरा तेथेच रेंगाळतो. गर्भवती स्त्रीस व रक्तस्रावाची प्रवृत्ती असणाऱ्यास हा उपचार वर्ज्य आहे.

पाठीतील छिद्राचा मार्ग दोन सेंटिमीटरांहून मोठ्या खड्यास सामान्यतः योग्य मानतात. मोठा खडा एकाच वेळी निघून जाण्याची शक्यता त्यात सर्वाधिक. मात्र रक्तस्रावाचा धोका अधिक आणि काही दिवस रुग्णालयात राहणे आले. दुर्बिणीच्या मार्गात छिद्र नाही. पण मोठ्या खड्यास एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया लागू शकते आणि नंतर बहुधा आत एक नळी काही काळ ठेवतात. ती काढण्याची तारीख घरातील दोघांनी तरी टिपून ठेवावी. विसरलेल्या नळीवरच पुन्हा खडे जमतात.

तात्पर्य, फाइलीवर शेरा मारण्यापूर्वी जसे आपण टिपण वाचतो, तसे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: खडा केवढा, कोठे, किती कठीण, आणि एका खेपेत काम न झाल्यास पुढे काय? पाच मिलिमीटरांहून लहान खडे बहुधा आपोआप पडतात, हेही ध्यानी ठेवावे.

एका गोष्टीबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे नव्हे. अडकलेला खडा वेदनेवाचूनही मूत्रपिंड निकामी करू शकतो. तेव्हा तपासणी करून खात्री करून घ्यावी. कळेबरोबर थंडीताप आला तर रात्र काढू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे प्रथम तुंबलेल्या लघवीस वाट करून देतात. खड्याचा विचार मागाहून.

आणि उपचार कोणताही असो, खडा पुन्हा होऊ शकतो. दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, मीठ कमी करावे. खड्याच्या भयाने दूध मात्र सोडू नये. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपण सर्वांनी निरामय राहावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.