स्थिर नोकरी सोडून पर्यटन व्यवसायात



महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हाती पडणारे वेतन हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा फार मोठा आधार होय. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण, आईवडिलांची औषधे हे सारे त्या एका तारखेवर अवलंबून असते. अशा घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री ‘नोकरी सोडून सहलींचा व्यवसाय करावा म्हणतो’ असे बोलू लागली की घरात शांतता पसरते. ती शांतता अनाठायी म्हणता येणार नाही.

तथापि हा मार्ग नवा नाही. केसरी पाटील हे मूळचे शिक्षक. शिक्षकी पेशा सोडून ते सहलींच्या व्यवसायात आले आणि १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची ‘केसरी’ ही संस्था उभारली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत मराठी घरांत हे नाव सहलीशी जोडले गेले होते. त्यांची उमेद सर्वांच्या लक्षात राहते; पण शाळा आणि स्वतःची संस्था यांच्या दरम्यान त्यांनी कुटुंबाच्या ‘राजाराणी’ या प्रवासी संस्थेत काम केले होते, हे सहसा सांगितले जात नाही. वर्ग सोडला आणि दुसऱ्या दिवशी फलक लावला, असे झालेले नाही. शिवाय शाळेची सहल ज्या शिक्षकाने नेली आहे, त्याला डोकी मोजणे, वेळ पाळून घेणे आणि रुसलेल्यांची समजूत काढणे हे अर्धे शास्त्र ठाऊकच असते!

उरलेले अर्धे शास्त्र मात्र हिशेबाचे आहे. या व्यवसायात पैसा आधी येतो आणि सेवा नंतर द्यावयाची असते. प्रवाशाने भरलेली आगाऊ रक्कम ही मिळकत नसून ठेव आहे, हे ज्याच्या ध्यानी राहत नाही तो पहिल्याच संकटात सापडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सहली जागच्या जागी थांबल्या. निघू न शकलेल्या प्रवाशांची रक्कम ज्यांनी निराळी राखली होती, त्यांना ती परत करण्याची सोय होती. ज्यांनी ती जागेच्या भाड्यात आणि जाहिरातीत घातली होती, त्यांच्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. त्यातही हे काम बारमाही नव्हे. दिवाळी व मे महिन्याची सुट्टी यांवर बराचसा भार असतो. मधल्या महिन्यांत घरखर्च कशातून भागवावयाचा, याचे उत्तर राजीनाम्यापूर्वीच कागदावर असावयास हवे.

शासकीय सेवेत असलेल्यांनी तर आणखी एका गोष्टीचा नीट विचार करावा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. राजीनाम्याने सामान्यतः पूर्वीची सेवा गमावली जाते. २० वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. अठराव्या वर्षी उत्साहाच्या भरात राजीनामा देणाऱ्याने दोन वर्षांच्या घाईसाठी किती किंमत मोजली, याचा हिशेब स्वतःच मांडून पाहावा. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी योजना सुरू झाली. तेव्हा त्यांनी आपल्या आस्थापना शाखेत जाऊन स्वतःला लागू असलेल्या तरतुदी वाचून घ्याव्यात. सेवेत असतानाच गुपचूप सहली काढून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही. त्यापेक्षा रजा काढून, पैसे भरून, दुसऱ्याच्या सहलीत प्रवासी म्हणून जावे आणि डोळे उघडे ठेवावेत.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांच्या दृष्टीने या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. शहरातील नोकरी सोडून गावी परतलेला तरुण पर्यटनाचे काही करू म्हणतो, तेव्हा त्याला हॉटेलच बांधले पाहिजे असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून सागरी कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू झाले. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावयास लोक येऊ लागले आणि ग्रामस्थांनी त्यांना आपल्याच घरात उतरवून घेतले. पाहुणा ओसरीवर झोपतो, घरचे जेवतो आणि पैसा गावातच राहतो. साताऱ्याजवळील कास पठारावर लगतच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांकडे प्रवेशाची व्यवस्था आहे. फुले जेमतेम काही आठवडे असतात, पण तेवढ्या दिवसांत गावच्या मुलांना काम मिळते. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरणही जाहीर केले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी करता येते.

अशा ठिकाणी परतलेल्या तरुणाचे पहिले भांडवल म्हणजे गावाची संमती. पाणी पुरेल का, कचरा कोण उचलील, रात्री गोंगाट झाला तर सांगावयाचे कोणी, हे ग्रामसभेत आधी बोलले गेले पाहिजे. वेळासला कासवांचा हंगाम उन्हाळ्याबरोबर सरतो. पावसाळा आला की घरे पुन्हा शेतीच्या कामाला लागतात आणि पाहुण्यांच्या गाद्या पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जातात.